परवान्यावरची एक ओळ

अमेरिकेतल्या सरकारी शाळेत शिकवायचे तर राज्याचा अध्यापनाचा परवाना लागतो, डॉक्टरला किंवा वकिलाला लागतो तसाच. तो केंद्र सरकार देत नाही. पन्नास राज्ये आपापले नियम करतात, आणि एका राज्याचा परवाना दुसऱ्या राज्यात जसाच्या तसा चालेल याची खात्री नसते. परवान्यावर विषय आणि इयत्ता लिहिलेल्या असतात: गणित, जीवशास्त्र, पहिली ते सहावी. ज्या मुलांच्या घरी इंग्रजी बोलत नाहीत त्यांना इंग्रजी शिकवणाऱ्यासाठी काही राज्ये वेगळा परवाना देतात. बाकीची राज्ये मूळ परवान्यावरच एक ओळ वाढवतात. या वाढीव नोंदीला एंडॉर्समेंट म्हणतात. तिचे नाव कुठे ईएसएल असते, कुठे ईसॉल, कुठे आणखी काही. काम सगळीकडे एकच. भाषा म्हणजे काय, दुसरी भाषा मूल कसे आत्मसात करते, तिची परीक्षा कशी घ्यायची आणि घरची संस्कृती वर्गात कशी उतरते, एवढे शिकल्याचा तो पुरावा असतो.

ही ओळ पन्नास-साठ वर्षांपलीकडची नाही. देशात इंग्रजी न येणारी मुले मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून होती. त्यांना शिकवायला खास शिक्षक हवा हे कुणालाच सुचले नाही असे नव्हे. पण ते कागदावर यायला शिक्षणशास्त्राची पुस्तके पुरी पडली नाहीत. त्यासाठी आईबापांना कोर्टात जावे लागले. म्हणून या परवान्याचा इतिहास विद्यापीठांपेक्षा निकालपत्रांत जास्त सापडतो.

एकोणिसाव्या शतकात हा प्रश्न फारसा टोकदार नव्हता. ओहायो राज्याने १८३९ मध्ये पालकांनी मागणी केल्यास जर्मन-इंग्रजी शाळा चालवायला कायद्याने परवानगी दिली, आणि सिनसिनाटीसारख्या शहरांत जर्मनांची मुले दोन्ही भाषांत शिकली. १८८० नंतर इटली, पोलंड आणि रशियातून माणसांचे लोंढे आले तेव्हा चित्र पालटले. इंग्रजीचे अक्षर न येणारा बारा वर्षांचा मुलगा थेट पहिलीच्या बाकावर बसवला जाई. गुडघे बाकाखाली मावत नसले तरी. न्यूयॉर्कमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अशा मुलांचे वेगळे वर्ग काढले गेले. नुकतीच बोटीतून उतरलेली मुले म्हणून त्यांना ‘स्टीमर क्लास’ हे नाव पडले. थोडे महिने तिथे काढायचे, कामापुरते इंग्रजी यायला लागले की वयाच्या वर्गात जायचे. शिकवणाऱ्या बाईंकडे परवाना असे तो साध्या प्राथमिक शिक्षिकेचा. त्यांना इंग्रजी येते, म्हणजे शिकवताही येते, असा सगळ्यांचा समज होता.

मोठ्यांच्या बाबतीत तर परवान्याचा विषयच नव्हता. पेनसिल्व्हेनियातल्या कोळसा-खाणींच्या वस्त्यांचा अभ्यास केलेले पीटर रॉबर्ट्स नावाचे पाद्री वायएमसीए या ख्रिस्ती युवक संस्थेसाठी काम करत. फ्रान्स्वा गूँ या फ्रेंच शिक्षकाची एक पद्धत त्यांनी कामगारांसाठी बेतून घेतली. एखादे रोजचे काम घ्यायचे आणि त्यातली प्रत्येक हालचाल क्रमाने एकेका वाक्यात बोलायची. सकाळी जाग येण्यापासून तोंड धुणे, कपडे चढवणे, कामावर निघणे असे धडे. शिकवणारा ते करून दाखवतो आणि वर्ग त्याच्यामागून म्हणतो. व्याकरण नाही, भाषांतर नाही. पद्धत इतकी सोपी की शिकवायला शिक्षकच हवा असे उरले नाही.

फोर्ड मोटर कंपनीच्या हायलंड पार्क कारखान्यात १९१४ साली सुरू झालेल्या फोर्ड इंग्लिश स्कूलने नेमके तेच केले. हेन्री फोर्डने त्याच वर्षी पाच डॉलर रोज जाहीर केला होता. तो पदरात पडायला परदेशी कामगाराने इंग्रजीच्या वर्गाला बसावे असा कंपनीचा आग्रह असे. शिकवायला कारखान्यातलेच इंग्रजी येणारे लोक, तेही विनावेतन. या शाळेचा पदवीदान समारंभ मात्र पाहण्यासारखा होई. रंगमंचावर बोटीचा देखावा आणि त्यापुढे एक प्रचंड कढई. देशोदेशीचे कामगार आपापल्या मुलखाच्या पेहरावात, हातात बोचकी घेऊन बोटीतून उतरत आणि कढईत शिरत. शिक्षक लांब दांड्याचे पळे घेऊन ती ढवळत. थोड्या वेळाने तेच लोक अमेरिकन सूट घालून, हातात छोटे झेंडे घेऊन बाहेर येत. त्या काळी इंग्रजीच्या शिक्षकाकडून समाजाची काय अपेक्षा होती हे त्या पळ्याने जितके कळते तितके कुठल्या अभ्यासक्रमाने कळत नाही.

पहिल्या महायुद्धात हवा आणखी बिघडली. आयोवाच्या गव्हर्नरने १९१८ मध्ये सार्वजनिक ठिकाणी, अगदी टेलिफोनवरसुद्धा, परभाषेत बोलायला बंदी केली. नेब्रास्काने १९१९ मध्ये आठवी पास होण्याआधी मुलांना परकी भाषा शिकवणे गुन्हा ठरवला. तिथल्या एका पंथीय शाळेतले शिक्षक रॉबर्ट मेयर यांनी दहा वर्षांच्या मुलाकडून जर्मन वाचून घेतले आणि त्यांना २५ डॉलर दंड झाला. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९२३ मध्ये तो कायदा रद्द ठरला. पण तोवर तीसहून अधिक राज्यांनी शाळेत इंग्रजीतूनच शिकवण्याची सक्ती केली होती. १९२४ च्या कायद्याने परदेशातून येणाऱ्यांवरचा कोटा आणखी कडक झाला, लोंढे आटले आणि प्रश्न जुन्या फाइलीसारखा बाजूला पडला.

तो पुन्हा वर आला न्यूयॉर्कमध्ये, दुसऱ्या महायुद्धानंतर. पोर्तो रिकोचे लोक १९१७ पासून अमेरिकेचे नागरिक होते. त्यांना कोटा लागू नव्हता. ते मोठ्या संख्येने शहरात आले, आणि शाळांत स्पॅनिशच बोलणारी हजारो मुले दाखल झाली. या मुलांशी त्यांच्या भाषेत बोलू शकतील असे शिक्षकही त्यांच्याबरोबर आलेले होते. पोर्तो रिकोत पदवी घेतलेले, अनुभव असलेले. अडचण परवान्याची होती. न्यूयॉर्क शहरात शिक्षक निवडण्याचे काम १८९८ पासून परीक्षक मंडळाकडे होते, आणि लेखी परीक्षेबरोबर ते उमेदवाराच्या बोलण्याचीही तपासणी करी. उच्चारात परकेपणा आढळला तर परवाना हुकला. त्यामुळे स्पॅनिश हेल काढून इंग्रजी बोलणारे शिक्षक नियमित नेमणुकीतून गळले. १९४० च्या दशकाच्या अखेरीस त्यांच्यासाठी ‘सब्स्टिट्यूट ऑक्झिलरी टीचर’ असे पद काढण्यात आले. नावातच बदली आणि सहायक हे दोन्ही शब्द होते, म्हणजे दोनदा दुय्यम. हे लोक मुलांना इंग्रजी शिकवायला मदत करत, पालकांशी बोलत, दुभाष्याचे काम करत. शहराने १९५३ ते १९५७ या काळात या मुलांचा मोठा अभ्यास करून घेतला, पण कायमच्या परवान्याचे घोडे अडून राहिले ते राहिलेच.

दरम्यान विद्यापीठांत वेगळेच काही चालू होते. मिशिगन विद्यापीठात चार्ल्स फ्राइज यांनी १९४१ मध्ये इंग्रजी भाषा संस्था उभी केली. लॅटिन अमेरिकेतून उच्च शिक्षणाला येणाऱ्यांना इंग्रजी शिकवणे हे तिचे काम. भाषाशास्त्राच्या आधारावर वाक्यांचे साचे पाडायचे आणि ते तोंडात बसेपर्यंत घोकून घ्यायचे, ही त्यांची पद्धत पुढे देशोदेशी गेली. इंग्रजी शिकवणे हे स्वतंत्र शास्त्र आहे ही जाणीव इथून पसरली. १९६६ मध्ये पाच जुन्या व्यावसायिक संस्थांच्या पुढाकाराने न्यूयॉर्कच्या परिषदेत टेसॉल ही संघटना स्थापन झाली. पुढच्या दशकात तिने या शिक्षकांच्या तयारीची आणि प्रमाणपत्राची मार्गदर्शक तत्त्वे काढली. तत्त्वे चांगली होती. ती पाळायला राज्यांवर कसलेच बंधन नव्हते.

केंद्राने पैसा दिला तो २ जानेवारी १९६८ ला. त्या दिवशी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी द्विभाषिक शिक्षण कायद्यावर सही केली. जॉन्सन यांनी तरुणपणी टेक्सासमधल्या कोटुला गावात मेक्सिकन मुलांच्या शाळेत वर्षभर मास्तरकी केली होती, आणि शाळेच्या आवारात स्पॅनिश बोलायला त्यांनी स्वतःच बंदी केली होती. नव्या कायद्याने शिक्षकांच्या प्रशिक्षणालाही अनुदान दिले. तरीही अनुदान मागायचे की नाही हे स्थानिक शाळामंडळाच्या मर्जीवर होते.

मर्जीचा भाग संपला तो सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमुळे. १९७० च्या मार्चमध्ये किनी किनमन लाऊ या लहान मुलाच्या आणि इतर चिनी मुलांच्या वतीने शाळामंडळावर दावा लागला. शहरात इंग्रजी न येणारी चिनी वंशाची २,८५६ मुले शाळेत जात होती. त्यांतल्या साधारण १,००० मुलांना इंग्रजीचे काही ना काही जादा शिक्षण मिळे. उरलेली सुमारे १,८०० मुले न कळणाऱ्या भाषेत दिवसभर बसून राहत. मंडळाचे म्हणणे साधे होते: सगळ्यांना तीच पुस्तके, तेच शिक्षक, तोच वर्ग, मग भेदभाव कुठे झाला? खालच्या दोन्ही न्यायालयांना ते पटले. प्रत्येक मूल आपापल्या घरच्या परिस्थितीचे फायदे-तोटे घेऊन शाळेत येते, त्याला शाळा जबाबदार नाही, असे अपील न्यायालय म्हणाले. २१ जानेवारी १९७४ ला सर्वोच्च न्यायालयाने हे एकमताने फिरवले. न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांच्या निकालाचा आशय असा की ज्याला भाषाच कळत नाही त्याला इतरांसारखेच पुस्तक हातात देणे ही समान वागणूक होत नाही. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने शाळेला यावर उपाय करावाच लागेल. कोणता उपाय, ते न्यायालयाने सांगितले नाही. वेगळे इंग्रजी शिकवा, चिनीतून शिकवा किंवा तिसरे काही करा. काहीच न करणे मात्र आता चालणार नव्हते. त्याच वर्षी काँग्रेसने समान शैक्षणिक संधी कायदा करून ही जबाबदारी कायद्यातही घातली.

उपाय करायचा तर आधी मुले शोधायला हवीत. १९७५ मध्ये केंद्राने लाऊ निकालावरून शाळामंडळांना सूचना पाठवल्या आणि घरची भाषा विचारण्याची पद्धत रूढ झाली. आज शाळेत नाव घालताना पालकांपुढे येणाऱ्या कागदांत हा एक कागद असतोच. मूल बोलायला लागले तेव्हा कोणत्या भाषेत, घरी मोठी माणसे आपसांत काय बोलतात, मूल स्वतः जास्त काय बोलते, असे तीन-चार प्रश्न. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात नुकतेच उतरलेले मराठी आईबाप तिथे सरळ मनाने ‘मराठी’ लिहितात, आणि थोड्याच दिवसांत पुण्याच्या इंग्रजी माध्यमात शिकलेल्या त्यांच्या लेकीला इंग्रजीच्या चाचणीला बसवल्याचे पत्र येते. मग ‘इंग्रजीच लिहून टाका’ असा सल्ला अशा घरांत एकमेकांना दिला जातो. सल्ला देणाऱ्याची चीड समजण्यासारखी आहे, पण त्यात एक गोष्ट निसटते. किती मुलांना ही मदत हवी यावरच शाळेला ईएसएलचा परवानाधारक शिक्षक नेमावा लागतो की नाही हे ठरते. न्यू जर्सीच्या नियमांत अशी दहा मुले झाली की ईएसएलचा वर्ग आणि एकाच भाषेची वीस झाली की द्विभाषिक वर्ग असा हिशेब आहे. चाचणी बहुतेक राज्यांत ‘विडा’ या संघाची असते. विस्कॉन्सिन, डेलावेअर आणि आर्कन्सॉ या तीन राज्यांच्या आद्याक्षरांवरून ते नाव पडले. पुढे आर्कन्सॉ बाहेर पडले, अक्षर तसेच राहिले. याच मराठी घरांतली मुले सुट्टीच्या दिवशी मराठी शाळेत जातात. तिथे शिकवणारे आईबाप हौशी असतात आणि त्यांना परवाना कुणी विचारत नाही, फोर्डच्या कारखान्यातल्यांना कुणी विचारत नसे तसेच.

शोधलेल्या मुलांना शिकवणार कोण, हा प्रश्न लाऊ निकालाने मोकळाच ठेवला होता. त्याचे उत्तर टेक्सासच्या रेमंडव्हिल गावातून आले. तिथल्या मेक्सिकन-अमेरिकन पालकांनी शाळामंडळाविरुद्ध लढवलेल्या कास्टान्येडा खटल्यात १९८१ मध्ये पाचव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने निकाल दिला. कोणताही कार्यक्रम तीन कसोट्यांवर तपासावा असे न्यायालयाने ठरवले. तो मान्य शैक्षणिक विचारावर उभा आहे का, तो पार पाडायला लागणारी माणसे आणि साधने खरोखर पुरवली आहेत का, आणि ठरावीक काळाने त्याचा उपयोग झाला का. दुसऱ्या कसोटीपाशी न्यायालयाने रेमंडव्हिलच्या शिक्षकांचीच झडती घेतली. स्पॅनिश-इंग्रजी वर्ग चालवणाऱ्या शिक्षकांना १०० तासांच्या प्रशिक्षणात ७०० स्पॅनिश शब्द शिकवले होते. शेवटची परीक्षा म्हणजे स्पॅनिशमध्ये एक परिच्छेद लिहायचा, तोही शब्दकोश जवळ ठेवून. या परीक्षेने शिक्षकाचा शब्दसंग्रह कळत नाही, हे कार्यक्रम चालवणाऱ्यांपैकी एकाने साक्षीत कबूल केले. न्यायालयाने शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा मुद्दा पुन्हा खालच्या कोर्टाकडे धाडला. चांगली योजना आणि न शिकलेला शिक्षक ही जोडी कायद्यात बसत नाही, हे पहिल्यांदाच इतके स्वच्छ सांगितले गेले. १९९१ मध्ये केंद्राच्या नागरी हक्क कार्यालयाने हीच कसोटी देशभर लावली. राज्याने या कामासाठी एंडॉर्समेंट ठरवली असेल तर शिक्षकाकडे ती असली पाहिजे, निदान तो ती मिळवण्याच्या वाटेवर असला पाहिजे. तोवर ऐच्छिक असलेली ती ओळ इथून गरजेची झाली.

या गरजेचे सर्वांत रेखीव रूप फ्लोरिडात पाहायला मिळते. क्यूबाच्या क्रांतीनंतर मायामीत आलेल्यांसाठी १९६३ मध्येच कोरल वे शाळेत दोन्ही भाषांचा प्रयोग सुरू झाला होता, पण राज्यभर सगळा आनंदीआनंदच होता. आठ संघटनांनी राज्याच्या शिक्षण मंडळावर दावा केला आणि १९९० च्या ऑगस्टमध्ये दोन्ही पक्षांनी न्यायालयापुढे तडजोड केली. त्यात शिक्षकाच्या प्रशिक्षणाचे तास ठरले. भाषेचा शिक्षक असेल तर ३०० तास किंवा पाच अभ्यासक्रमांचे १५ क्रेडिट; विषय पाच: ईसॉलच्या पद्धती, अभ्यासक्रम व साहित्य, आंतरसांस्कृतिक संवाद, उपयोजित भाषाशास्त्र, चाचणी व मूल्यमापन. गणित, विज्ञान, समाजशास्त्र शिकवणाऱ्यांना ६० तास, चित्रकला-व्यायामवाल्यांना १८. २००३ च्या दुरुस्तीने मुख्याध्यापक आणि समुपदेशकांनाही ६० तास लागू झाले. शिक्षकांची कुरकुर खूप झाली. तीस वर्षे शिकवणाऱ्याला नव्याने ३०० तास बसवायचे म्हणजे चेष्टा आहे, हे वाक्य त्या काळात फ्लोरिडाच्या कुठल्याही शिक्षक-खोलीत शोभले असते. पण तासांचा हा हिशेब टिकला, आणि नवीन शिक्षक घडवणाऱ्या विद्यापीठांनी तो पदवीतच बसवून घेतला.

कॅलिफोर्नियाची वाट इतकी सरळ नव्हती. १९७६ च्या कायद्याने एका इयत्तेत एकाच भाषेची दहा मुले झाली की द्विभाषिक वर्ग सक्तीचा केला. तेवढे शिक्षक नव्हतेच. मग ‘पुढे शिकून घेईन’ या बोलीवर सवलत घेऊन हजारो शिक्षक वर्गावर उभे राहिले. १९९० च्या दशकात ‘क्लॅड’ नावाची मान्यता आली. १९९४ च्या कायद्याने अनुभवी शिक्षकांना ४५ तासांच्या प्रशिक्षणाची पळवाटही मिळाली. १९९८ च्या जूनमध्ये लोकमताने प्रपोझिशन २२७ मंजूर झाले: ६१ टक्के लोकांनी द्विभाषिक शिक्षण जवळपास मोडीत काढून इंग्रजीतूनच शिकवायला कौल दिला. शिक्षकाने जाणूनबुजून इंग्रजीत शिकवायचे टाळले तर पालक त्याच्यावर वैयक्तिक दावा लावू शकतील, असे कलमही त्यात होते. या मोहिमेचे मानद अध्यक्ष हायमे एस्कालांते होते, ज्यांच्यावर ‘स्टँड अँड डिलिव्हर’ हा चित्रपट निघाला ते गणिताचे शिक्षक. बोलिव्हियातली त्यांची पात्रता कॅलिफोर्नियाने मानली नव्हती, आणि दिवसा मिळेल ते काम करत, रात्री शिकत परवाना मिळवायला त्यांची साधारण दहा वर्षे गेली होती. इंग्रजीतच शिका हा आग्रह अशा माणसाने धरावा याचे त्यांच्या चाहत्यांना नवल वाटले. त्यांना स्वतःला त्यात विसंगती दिसत नव्हती.

गंमत अशी की द्विभाषिक वर्ग गेले आणि परवान्याची ओळ आणखी पसरली. मुले आता सर्वसाधारण वर्गात बसली, म्हणून सगळ्याच शिक्षकांना हे शिकणे भाग पडले. १९९९ च्या कायद्याने इंग्रजी शिकणाऱ्या मुलांना शिकवण्याची तयारी प्रत्येक नव्या परवान्याचाच भाग केली. आधीच्या शिक्षकांसाठी २००५ पासून ‘सीटेल’ ही परीक्षा आहे: भाषा व तिचा विकास, मूल्यमापन व अध्यापन, संस्कृती व समावेश असे तीन पेपर. २००४ मध्ये विल्यम्स खटल्यात झालेल्या तडजोडीनंतर तर वर्गाच्या भिंतीवर तक्रारीची सूचना चिकटवलेली असते. ज्या वर्गात इंग्रजी शिकणारी मुले आहेत तिथे ही पात्रता नसलेला शिक्षक नेमला, तर पालक त्याविरुद्ध तक्रार करू शकतात. २०१६ मध्ये लोकमतानेच २२७ ची बंधने काढून टाकली. ओळ राहिली.

ॲरिझोनाने २००० मध्ये असाच इंग्रजीचा कायदा केला आणि शिक्षकांना त्याप्रमाणे एंडॉर्समेंट घ्यायला लावली. पण तिथे न्यूयॉर्कचे जुने भूतही उठले. राज्याचे निरीक्षक वर्गांत जाऊन शिक्षकांच्या इंग्रजीची, उच्चारांसकट, नोंद करू लागले. यात स्पॅनिश मातृभाषेचे, वर्षानुवर्षे शिकवत आलेले शिक्षक सापडले. केंद्राने चौकशी लावली आणि २०११ मध्ये राज्याला ही तपासणी थांबवावी लागली. शिक्षकाला इंग्रजी अस्खलित यायला हवे अशी अट २००२ च्या केंद्रीय कायद्यातही होती. अस्खलित म्हणजे कोणाच्या कानाला, एवढाच वाद. मॅसॅच्युसेट्समध्येही २००२ च्या लोकमताने मुले इंग्रजी वर्गांत आली, पण शिक्षक तयार नव्हते. न्याय खात्याने २०११ मध्ये त्यावर बोट ठेवले आणि राज्याने २०१२ पासून मुख्य विषयांच्या शिक्षकांना प्रशिक्षण सक्तीचे केले. २०१६ च्या १ जुलैपर्यंत ते पुरे करायचे होते.

आज अमेरिकेच्या सरकारी शाळांत इंग्रजी शिकणारी मुले पन्नास लाखांच्या आसपास आहेत. दर दहांमागे साधारण एक. परवान्याकडे जाणाऱ्या वाटा तीन. पहिली, आधीच परवाना असलेल्या शिक्षकाने विद्यापीठात ठरावीक क्रेडिट पुरे करून एंडॉर्समेंट जोडणे. सर्वाधिक लोक हिनेच येतात. दुसरी, काही राज्यांत नुसती परीक्षा देऊन. तिसरी, पदव्युत्तर पदवी आणि वर्गातला सराव करून या विषयाचा थेट परवाना घेणे. परदेशात शिकवायला जाणारे तरुण सेल्टासारखी महिनाभराची प्रमाणपत्रे घेतात, ती इथे चालत नाहीत, आणि याचा उलगडा अनेकांना फी भरल्यावर होतो. भारतातून बीए-बीएड करून आलेल्यांना आधी पदवीचे मूल्यांकन करून घ्यावे लागते. आपल्याकडची तीन वर्षांची पदवी त्यांच्या चार वर्षांच्या बरोबरीची धरली जाईलच असे नाही. दहा-वीस वर्षे महाराष्ट्रात इंग्रजी शिकवलेल्या बाईंनाही पुन्हा काही क्रेडिट गोळा करावी लागतात. शिवाय बोटांचे ठसे आणि पोलिसी पडताळणी.

शेवटी परीक्षा. अनेक राज्ये प्रॅक्सिस या शिक्षक-परीक्षांच्या मालिकेतली ईसॉल परीक्षा मानतात: दोन तास, १२० प्रश्न. त्यातल्या एका भागात उमेदवाराच्या कानांवर हेडफोन असतात. इंग्रजी शिकणारे विद्यार्थी बोलताना किंवा वाचताना ध्वनिमुद्रित केलेले असतात, कुणी अडखळत, कुणी शब्दाचा शेवट गिळत. ‘व्हेरी’चे ‘बेरी’ कोणत्या ध्वनीमुळे झाले, अर्थ बिघडला का, आणि शिक्षकाने आधी काय हाती घ्यावे, हे उमेदवाराने ऐकून ओळखायचे असते. उमेदवाराचे स्वतःचे उच्चार तिथे कुणी तपासत नाही.